पाठकोरे कागद

यंदा ज्येष्ठात आमचं सांगलीतलं जुनं घर रिकामं करायला घेतलं. भिंतींना ओल, तुळयांना वाळवी. २००५ च्या महापुरानं जोतं खिळखिळं केलंच होतं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या माजघरात छातीभर पाणी उभं होतं. मुलं म्हणाली, "आता डागडुजी पुरे, पाडून नवं बांधू या." त्यांचं बरोबरच होतं. मी एवढंच म्हटलं की माळ्यावरचं सामान माझ्या डोळ्यांदेखत खाली येऊ द्या, परस्पर रद्दीत जाऊ नये.

पंचाहत्तरीच्या माणसाला शिडीवर कोणी चढू देत नाही. नात वर चढली आणि एकेक वस्तू खाली देऊ लागली. पितळी समया, मोडका पाळणा, पाट, आणि सगळ्यांत शेवटी पत्र्याची काळी ट्रंक. माळ्यावर होती म्हणून दोन्ही पुरांतून वाचली. आत जुनी पंचांगं, लग्नपत्रिका, कधीच बंद झालेली पासबुकं. आणि तळाशी सुतळीनं बांधलेला कागदांचा एक गठ्ठा. सुतळी सोडताना माझे हात थरथरले, कारण गठ्ठा कसला आहे ते मला न बघताच कळलं होतं. ती माझी चित्रं होती. शिसपेन्सिलीनं काढलेली, १९६४ ते १९६७ या चार वर्षांतली.

मी लहानपणी चित्रं काढायचो हे आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलेलं होतं. पाहिलं मात्र कोणीच नव्हतं. का ऐकलं होतं, ते पुढं सांगतो. त्यासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे. दत्तजयंतीच्या अंकात घरगुती गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण प्रश्न माझ्या एकट्याच्या घरापुरता नाही, असं मला वाटतं. गेलेल्या माणसांची आठवण आपण सगळेच काढतो. ती खरी काढतो का, हा तो प्रश्न.

चाळीस-बेचाळीस चित्रं निघाली. कागद पिवळे पडलेले, कडा कुरतडलेल्या, दोन-चारांना कसर लागलेली. पण रेघा जशाच्या तशा. आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. तिचा कोपर मला जमला नव्हता, खोडरबरानं खोडून खोडून तिथं कागद पातळ झालेला. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर बांधलेली नाव. आक्का वेणी घालताना, तोंडात रिबिनीचं टोक. दोन कंदील, एक खलबत्ता. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा मी दिल्या होत्या, त्यांच्या सरावाची ही वस्तुचित्रं.

आणि नरसोबाच्या वाडीची सहा चित्रं. आमचे वडील, म्हणजे अण्णा, पौर्णिमेची वाडी चुकवीत नसत. सांगलीहून वीस-बावीस किलोमीटर. बहुतेक वेळा मला बरोबर नेत. मंदिर, औदुंबर, घाटाच्या पायऱ्या आणि खाली वाहणारी कृष्णा, हे मी तेव्हा जमेल तसं उतरवलं होतं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की अण्णा आपल्या जपात नि प्रदक्षिणेत असत आणि मी एकटा घाटावर कंटाळत बसे. एका चित्राच्या कोपऱ्यात मला एक छत्री आणि एक कापडी पिशवी दिसली. दोन्ही अण्णांची. पिशवीतून प्रसादाच्या पुड्याचं टोक बाहेर आलेलं. म्हणजे दर्शन झालेलं होतं, प्रदक्षिणा झाल्या होत्या, आणि माझं चित्र संपेपर्यंत ते शेजारी बसून राहिले होते. घाटाच्या त्या एवढ्या पायऱ्या काढायला मला तासभर तरी लागला असणार. हा तास माझ्या आठवणीत नव्हता. चित्रात होता.

इथं जरा पेन्सिलीविषयी सांगतो. आपण शिसपेन्सिल म्हणतो, पण तिच्यात शिसं नसतं. ग्राफाइट असतं, म्हणजे कोळशाच्या कुळातलाच कार्बन, चिकणमातीत मिसळून भाजलेला. शाई उन्हानं विटते, रंग फिके पडतात. ग्राफाइटची रेघ उजेडानं विटत नाही. कागद टिकला तर ती शंभर वर्षांनीही तेवढीच काळी राहील. तिला धोका एकाच गोष्टीचा, तो म्हणजे हाताचा. पुन्हा पुन्हा हात फिरला की ती पसरते, पुसट होते, शेवटी रेघेऐवजी नुसता काळसर डाग उरतो. माझी ही चित्रं पन्नासहून जास्त वर्षं कोणी हाताळली नाहीत, म्हणून ती स्वच्छ राहिली. आठवणीचंही मला असंच वाटू लागलं आहे. ती काळानं तितकी बिघडत नाही, जितकी आपण पुन्हा पुन्हा सांगून बिघडवतो.

मी जी आठवण पन्नास वर्षं सांगत आलो, ती अशी. अण्णा हळदीच्या एका अडत पेढीवर दिवाणजी होते. सांगलीचा हळदीचा बाजार आपल्याला ठाऊक आहेच. सौदे, पट्ट्या, हरिपूरच्या पेवांत साठवलेल्या मालाच्या नोंदी, सगळी कीर्द-खतावणी अण्णांच्या हाताखाली. नखं कायमची पिवळी. १९६७ साली मी मॅट्रिक झालो. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, मुंबईला जे. जे. स्कूलला जा, तुझा हात चांगला आहे. मी अण्णांना विचारलं. त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं, "जमणार नाही." दोन शब्द. एक क्षणभर विचार नाही, एक प्रश्न नाही. त्या वर्षी मी एका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच निवृत्त झालो. पेन्सिल ठेवली ती ठेवलीच.

ही हकिकत मी बायकोला सांगितली, मुलांना सांगितली, कचेरीतल्या सहकाऱ्यांना चहाच्या वेळी सांगितली. सांगताना माझा आवाज बदलत असे, आणि ऐकणारे हळहळत. "जुन्या लोकांना कलेची कदर नव्हती हो," असं कोणी म्हणालं की मला बरं वाटे. अण्णा १९८३ साली गेले. त्याआधी एक-दोन वर्षं, एकदा ओसरीवर बसलेले असताना त्यांनी मला विचारलं होतं, "अरे, अलीकडं चित्रं काढत नाहीस काय?" मी म्हटलं, "तुम्हीच बंद केलीत की." ते काही बोलले नाहीत. तपकिरीची डबी उघडली, मिटली, आणि उठून आत गेले. मला त्या वेळी वाटलं, बरं झालं, एकदाचं तोंडावर बोललो.

आता त्या गठ्ठ्याकडं येतो. चित्रकलेचा कोरा कागद आम्हाला परवडत नसे. अण्णा पेढीवरचे एका बाजूनं लिहिलेले, निकामी झालेले कागद घरी आणत आणि कोनाड्यात माझ्यासाठी ठेवून देत. पाठकोरे कागद. परीक्षेच्या चित्रांना तेवढा विकतचा कागद, बाकी सगळा सराव याच कागदांवर. त्यामुळं माझ्या बहुतेक चित्रांच्या मागं हळदीच्या पोत्यांचे आकडे आहेत. ते मी कधी वाचले नाहीत. वाचण्यासारखं त्यात काय असणार?

गठ्ठ्यातलं शेवटचं चित्र अण्णांच्या वहाणांचं होतं. उंबऱ्यापाशी काढून ठेवलेली जोडी, टाच झिजून तिरकी झालेली, एका अंगठ्याला वेगळ्या रंगाच्या चामड्याची शिवण. खाली माझ्या हातची तारीख, २ जुलै १९६७. चित्र बघताच मला आठवलं की ते मी रागानं काढायला घेतलं होतं. त्यांचं तोंड काढायची इच्छा नव्हती, म्हणून वहाणा. बघा कसल्या झिजलेल्या वहाणा, असं काहीसं मनात असणार. पण चित्र रागाचं नाही. शिवणीचा टाका न् टाका काढला आहे. रागानं सुरुवात करता येते, पण रेघ खरी यायची तर समोरच्या वस्तूकडं नीट बघावं लागतं, आणि नीट बघताना राग टिकत नाही. श्रीदत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे. बाण सरळ करण्यात तो एवढा गढला होता की शेजारून राजाची मिरवणूक गेली ती त्याला कळली नाही. माझं चित्त काही तेवढं एकाग्र नव्हतं. पण त्या तासापुरता मी माझं दुखणं विसरलो होतो, याची साक्ष त्या कागदावर आहे.

मी चित्र बघत होतो आणि नात समोर बसून कागदाची मागची बाजू बघत होती. म्हणाली, "आजोबा, मागं हा हिशोब कसला आहे? मुंबई असं लिहिलंय."

कागद उलटा केला. अण्णांचं अक्षर, मोडी वळणाचं बाळबोध. वर नेहमीसारखं "श्री" आणि मिती: ज्येष्ठ वद्य ५, शके १८८९. खाली शिसपेन्सिलीनं मांडलेला हिशोब. प्राप्ती १६५. मग खर्च. धान्य-किराणा ५८, भाडं १८, दूध १२, आक्काच्या लग्नाच्या कर्जाचा हप्ता २५, औषध १०, तपकीर ३, वाडी ४. एकूण १३०. शिल्लक ३५. शेजारी दुसरा रकाना, डोक्यावर "मुंबई". खाणावळ ४५, खोली १५, कागद-रंग १५. एकूण ७५. तूट ४०.

त्याखाली तोच हिशोब दुसऱ्यांदा. दूध १२ खोडून ६ केलेलं. तपकीर काट. तूट ३१.

त्याखाली तिसऱ्यांदा. "रात्री वही लिहिणे" म्हणून २० जमेस धरलेले. आणि वाडीचे ४ रुपये काट मारलेले. तूट ७.

त्याखाली फक्त तीन गोष्टी लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढं प्रश्नचिन्ह होतं. प्रवेश फी? धाकट्याची शाळा? आजारपण? मग एक आडवी रेघ, आणि संपलं.

दत्तभक्तांना या चार रुपयांचा अर्थ सांगायला नको. पौर्णिमेची वाडी म्हणजे अण्णांचा श्वास होता. अंगात ताप असताना ते एसटीच्या दांडीला धरून उभे राहून वाडीला गेलेले मी पाहिले आहेत. त्या माणसानं माझ्या खाणावळीसाठी वारीवर काट मारून पाहिली होती. आणि तरी सात रुपये कमी पडत होते.

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग एकेक गोष्ट जुळत गेली. मिती ज्येष्ठ वद्य ५ म्हणजे जून महिन्याची अखेर. मी विचारलं होतं त्याच्या आधी काही दिवस. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले होते! हे "बघू" मला त्या क्षणी, अठ्ठावन्न वर्षांनी, आठवलं. दोन शब्दांचं उत्तर आलं ते पुढं आठवड्याभरानं, मी दुसऱ्यांदा विचारल्यावर. मधला आठवडा माझ्या हकिकतीतून केव्हाच गळून गेला होता. मी तो मुद्दाम वगळला नव्हता. पण हकिकत सांगताना तो अडचणीचा होता, आणि अडचणीच्या गोष्टी आठवणीतून आपोआप गळतात. "क्षणभरही विचार केला नाही" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं होतं की माझ्यापुरतं ते खरं झालं होतं.

आणखी एक गोष्ट. तो कागद मी स्वतः कोनाड्यातून उचलला, त्याच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढलं, आणि तो उलटून पाहिला नाही. म्हणजे उत्तर माझ्या हातात होतं. अण्णांनी तो कागद चुकून गठ्ठ्यात टाकला, की मी बघावा म्हणून ठेवला? अण्णा कागद चुकीच्या जागी ठेवणारे नव्हते. पण कागद वाया घालवणारेही नव्हते. याचं उत्तर आता मिळणार नाही.

आता प्रश्न उभा राहतो तो हा, की गेलेल्या माणसावर आठवणीत अन्याय झाला असेल, तर त्याचं काय करायचं?

एक उत्तर सोपं आहे. गेलेल्याला काय फरक पडतो? झालं गेलं गंगेला मिळालं. दुसरं उत्तर जास्त सात्त्विक वाटतं. या वयात आठवणींचा पसारा कशाला, वैराग्य धरावं, कागद नदीत सोडावेत आणि नामस्मरण करावं. अवधूतांच्या गुरूंत कपोतही आहे ना, पिलांच्या मोहानं जाळ्यात सापडलेला! मलाही पहिल्या रात्री असंच वाटलं. कोल्हापूरचे थोर चित्रकार आबालाल रहिमान यांची गोष्ट मला आठवली. ते जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांच्या पदरी असलेले. १९२२ साली महाराज गेले, तेव्हा आबालालांनी शोकानं आपली पुष्कळ चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असं कोल्हापुरात सांगतात. म्हटलं, आपणही हे सगळं कृष्णेत सोडावं.

पण विचार करता पटलं नाही. आबालालांनी सोडलं ते त्यांचं स्वतःचं होतं. माझ्या हातातला तो कागद माझा एकट्याचा नव्हता. एका बाजूला माझं चित्र, दुसऱ्या बाजूला अण्णांचा हिशोब. आणि तो हिशोब अजून चुकता झालेला नाही. देणं शिल्लक असताना वही पाण्यात सोडणं याला त्याग म्हणत नाहीत. कपोताचा मोह जे आहे ते सोडवत नाही असा होता. माझा मोह वेगळा होता. जे नव्हतं तेच मी घट्ट धरून बसलो होतो, आणि ते म्हणजे माझं गाऱ्हाणं.

श्रीदत्तप्रभूंना आपण स्मर्तृगामी म्हणतो. जो स्मरण करील त्याच्याकडं धावून येणारा. लहानपणापासून हा शब्द कानावर आहे, पण आता त्याची दुसरी बाजू दिसते. स्मरणानं जर कोणी येत असेल, तर आपण जसं स्मरण करतो तसंच ते येणार. मी वर्षानुवर्षं पितृपक्षात अण्णांना तीळ-पाणी दिलं. ओंजळीतून पाणी सोडताना मनात कोणते अण्णा होते? वहीतून मान वर न करणारे. सात रुपयांसाठी तीनदा बेरीज करणारे अण्णा तिथं कधी आलेच नाहीत, कारण त्यांना मी बोलावलंच नव्हतं.

चोवीस गुरूंतला शेवटचा गुरू कुंभारमाशी. ती अळीला धरून आपल्या घरट्यात कोंडते, आणि अळी सतत तिचंच चिंतन करीत तिच्यासारखी होते. एकादश स्कंधात म्हटलं आहे की स्नेहानं, द्वेषानं किंवा भयानं, ज्याचं अखंड चिंतन घडतं त्याचं रूप मनाला येतं. यातलं द्वेषानं हे मी आजवर वाचून सोडून देत होतो. पण माझ्या बाबतीत तेच घडलं. साधारण तीस वर्षांपूर्वी आमच्या थोरल्यानं मला विचारलं होतं, "बाबा, पुण्याला फोटोग्राफी शिकायला जाऊ का?" मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हणालो, "जमणार नाही." ज्या अण्णांना मी दोष देत होतो, ते माझ्या मनातले अण्णा मीच झालो होतो. फरक एवढाच, की खऱ्या अण्णांनी तीन वेळा हिशोब मांडून मग नाही म्हटलं होतं. मी एकदाही मांडला नव्हता. मांडला असता तर माझ्या पगारात ते बसलंही असतं.

मग अण्णांचं काहीच चुकलं नाही का? चुकलं. ते मला सांगायला हवे होते. कागद समोर टाकून नुसतं म्हणायला हवं होतं, "हे बघ, सात रुपये कमी पडतात." सतरा वर्षांच्या पोराला सात रुपये कळले असते. कदाचित मी कुठं शिकवणी करून ते मिळवलेही असते, किंवा निदान मनात विष राहिलं नसतं. पण त्या पिढीतल्या बापाला आपली तूट मुलाला दाखवणं म्हणजे कमीपणा वाटे. कडक दिसलेलं चालेल, गरीब दिसलेलं चालणार नाही. त्यांना वाटलं असेल, पोराच्या मनात आपल्याविषयी राग राहिला तर राहू दे, लाचारी नको. हा हिशोब मात्र त्यांचा चुकला, असं मला आजही वाटतं. माणसानं आपली गरिबी लपवली की घरातल्यांना त्याचं प्रेमही दिसत नाही, कारण पुष्कळ वेळा दोन्ही एकाच कागदावर लिहिलेली असतात.

मला वाट दाखवली ती अण्णांच्याच एका नियमानं. ते सांगत, कच्ची नोंद शिसपेन्सिलीनं करावी, ती खोडता येते. पण पक्क्या वहीत शाईनं नोंद झाली की खाडाखोड करायची नाही. चूक सापडली तर पान फाडायचं नाही, आकडा गिरवायचा नाही. चुकीची नोंद तशीच ठेवायची आणि तिच्या दुरुस्तीची नवी नोंद पुढं करायची, तारीख घालून. म्हणजे वही बघणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. मी अण्णांच्या खात्यावर जे नावे टाकलं, ते खरं तर पेन्सिलीनं मांडून ठेवायचं होतं. मी ते पन्नास वर्षं शाईनं गिरवलं. आता ते खोडता येणार नाही. पण नवी नोंद करता येते. आणि ती करायची तर ज्यांच्यासमोर चुकीची नोंद वाचून दाखवली, त्यांच्यासमोरच करायला हवी. देवापुढं मनातल्या मनात माफी मागणं सोपं आहे, त्यानं ऐकणाऱ्यांचा समज बदलत नाही.

म्हणून त्या रविवारी मी सगळ्यांना बसवलं. धाकटा भाऊ मिरजेहून आला, आक्का व्हीलचेअरवर आली. कागद सगळ्यांच्या हातून फिरला. आक्का बराच वेळ तिच्या लग्नाच्या हप्त्यावर बोट ठेवून होती. मग म्हणाली, "त्या वर्षी अण्णांनी तपकीर सोडली होती रे दोन महिने. मी विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतं म्हणून." म्हणजे ती काट नुसती कागदावरची नव्हती. तुला नाही म्हणून झाल्यावरही काही दिवस ते जमवायचं बघत होते बहुतेक, असं धाकटा म्हणाला. त्याला स्वतःच्या नावापुढचं प्रश्नचिन्ह दिसलं होतं. त्याची शाळा पूर्ण झाली, तो पुढं इंजिनिअर झाला. यावर कोणी काही बोललं नाही.

थोरल्या मुलाला मी वेगळं बसवून पुण्याची गोष्ट काढली. म्हटलं, तुला नाही म्हटलं तेव्हा मी हिशोब केला नव्हता. तो हसला. म्हणाला, "बाबा, मला माहीत होतं." हे तीन शब्द मला अण्णांच्या सात रुपयांपेक्षा जड गेले. पण पुढं अर्धा तास आम्ही बोलत बसलो. इतकं आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

श्रावणात आम्ही सगळे वाडीला गेलो. कृष्णा-पंचगंगेला पाणी चढलं होतं, मंदिरात पाणी शिरलेलं, उत्सवमूर्ती वर हलवलेली. वाडीला मुख्य पूजा पादुकांची. महाराज गाणगापूरला गेले आणि इथं मनोहर पादुका राहिल्या, ही आपली श्रद्धा. त्या दिवशी पादुका पाण्याखाली होत्या. दिसत नव्हत्या. तरी प्रत्येक जण त्याच जागेकडं तोंड करून हात जोडत होता. दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असं कोणाच्याही मनात येत नव्हतं. मला उंबऱ्यापाशी काढलेल्या त्या झिजलेल्या वहाणा आठवल्या.

चित्रं आता नातीच्या कपाटात आहेत, पातळ कागद मध्ये घालून, म्हणजे रेघ रेघेवर घासणार नाही. वहाणांच्या चित्राला चौकट केली आहे. दोन्ही बाजूंनी काच, कारण भिंतीला लावलं तर मागची बाजू झाकली जाते. ते टेबलावर उभं ठेवतो. येणारा जाणारा चित्र बघतो, मग मी त्याला फिरवून मागचं दाखवतो. माझा हात आता थरथरतो, चित्रं पूर्वीसारखी येत नाहीत. तरी नातीबरोबर रोज थोडा वेळ बसतो. परवा खलबत्ता काढला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी माळा असेल, ट्रंक असेल. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी कागद एकदा उलटून बघावेत, एवढी विनंती. आणि आपण जर कोणाचे आई-बाप असाल, आणि मुलांना कधी दोन शब्दांत नाही म्हटलं असेल, तर त्यामागचा हिशोब त्यांना आज, स्वतःच्या तोंडानं सांगून टाकावा. त्यांना तो कागद आपोआप सापडेल, या भरवशावर राहू नये. मला अठ्ठावन्न वर्षं लागली, आणि तोही नातीनं उलटला म्हणून.

।। श्री गुरुदेव दत्त ।।